शुअर एसएम ५८: जॅझ गाऊन पोट भरायचं ठरवलंय त्यांच्यासाठी

जॅझची कामं घ्यायला लागल्यावर आधी काय विकत घ्यायचं, असं मला शिकायला येणाऱ्या मुली विचारतात. फोटोशूट, वेबसाइट, स्टेजचे कपडे हे सगळं सावकाश होऊ द्या. पहिल्यांदा स्वतःचा माइक घ्या, आणि तो शुअरचा एसएम ५८ घ्या. किंमत दहा हजारांच्या आसपास. मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते आणि मुंबई-नवी मुंबईतल्या हॉटेलांच्या लाउंजमध्ये, लग्नाच्या कॉकटेल पार्ट्यांमध्ये, कंपन्यांच्या कार्यक्रमांत गाते. इतकी वर्षं माझ्या पिशवीत हाच माइक आहे.

हॉटेलात माइक मिळतो, मग स्वतःचा कशाला? मिळतो, पण कोणता मिळेल याचा भरवसा नसतो. जाळी चेपलेली असते, आतल्या स्पंजला वास येत असतो, वायरलेस असेल तर बॅटरी दुसऱ्या सेटमध्ये, म्हणजे मधल्या सुटीनंतरच्या गाण्यांत, मान टाकते. आणि जॅझ गाणाऱ्या बाईचा माइक म्हणजे तिचं वाद्य. सतारिया परक्याची सतार घेऊन मैफलीला बसत नाही.

मी आधी ख्याल शिकले. तिथे माइक स्टँडवर समोर असतो आणि आवाजाचं लहानमोठं होणं गळ्यातच घडतं. जॅझमध्ये हात गळ्याइतकाच गातो. ब्लूज गायिका बेसी स्मिथ तंबूतल्या खेळांत गायची तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हेच पहिलं काम होतं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ स्टेजवरही माइक आले, आणि आवाज न फेकता गाणं शक्य झालं. जॅझ गायिका बिली हॉलिडेचा आवाज काही मोठा नव्हता, पल्लाही मर्यादित. पण १९३३ पासूनची तिची रेकॉर्डिंग ऐका. शब्द किंचित मागे ओढून, कानाशी बोलल्यासारखं ती म्हणते. माइक नसता तर हे गाणं पहिल्या टेबलापलीकडे गेलंच नसतं.

एसएम ५८ ओठांजवळ आणला की खालचे स्वर भरदार होतात. बॅलडची, म्हणजे संथ भावगीताची, पहिली ओळ मी अशी अगदी जवळून घेते आणि वरचा स्वर लांबवताना माइक वीतभर दूर नेते. हे साधायला वेळ लागतो, पण माइक प्रत्येक वेळी तसाच वागतो म्हणूनच ते साधतं. दुसरा गुण हॉटेलवाल्यांच्या जागेत कळतो. हा माइक समोरचा आवाज घेतो आणि पाठीमागचा जवळजवळ सोडून देतो. त्यामुळे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, बरोबर माझ्या समोर, म्हणजे माइकच्या पाठीशी ठेवला की शिट्टी वाजत नाही. मात्र जाळीभोवती मूठ आवळू नका. रॅपर तसं धरतात ते छान दिसतं, पण त्यानं माइकची दिशाच बिघडते आणि फीडबॅक, म्हणजे तीच शिट्टी, सुरू होतो.

हा १९६६ साली आला. एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, म्हणजे मुळात स्टेजसाठी नव्हेच. वजन ३०० ग्रॅमच्या आतच, त्यामुळे तीन सेट हातात धरूनही मनगट भरून येत नाही. डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा, असल्यामुळे त्याला मिक्सरकडून वेगळी वीज लागत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेचा त्याला फारसा त्रास होत नाही. जाळी फिरवून निघते. साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच लावायची. जून-जुलैत ठाण्यात हे वाळायला दोन दिवससुद्धा लागतात, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री धुवायला काढू नका.

हा माइक काय देत नाही तेही सांगते. त्याचा स्वरांचा पल्ला वर साधारण १५,००० हर्ट्झपर्यंतच. श्वासाची झुळूक, ‘स’ची बारीक धार हवी असेल तर चांगला कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, मिक्सरकडून वीज घेणारा माइक, जास्त देतो. शांत सभागृहात, नुसत्या पियानोबरोबर गायचं असेल तर मीही कंडेन्सर मागते. पण जिथे मागे ड्रम्स आणि पुढे सुरी-काट्यांचा आवाज आहे, तिथे कंडेन्सर ते सगळं गोळा करतो. आणि आपली बहुतेक कामं तिथेच असतात.

हे कामाचं जरा जास्त सांगते, कारण माइक घेण्याचं खरं कारण त्यात आहे. एला फिट्झगेराल्ड १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरातल्या हौशी स्पर्धेत नाचायचं म्हणून गेली, ऐनवेळी गायली आणि २५ डॉलरचं बक्षीस जिंकली. पुढच्या वर्षी ती ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये होती. साराह वॉनही १९४२ मध्ये तीच स्पर्धा जिंकली आणि त्यातून पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गेली. स्पर्धा, मग मोठा बँड, मग स्वतःचं नाव, असा तेव्हा रस्ता होता. मुंबईतही १९३० च्या दशकात ताजमध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा बँड वाजत होता. गायिकेला पगार देणारा तसा मोठा बँड आज तुमची वाट पाहत नाही. पियानोवाला आणि बासवाला तुम्हीच ठरवायचे, प्रत्येक गाण्याचा आपल्या पट्टीतला चार्ट, म्हणजे वादकांसाठीचा सुरांचा कागद, लिहून न्यायचा, हॉटेलशी पैशांचं तुम्हीच बोलायचं आणि पैसे आले की वादकांचे आधी द्यायचे. लग्नाचा मोसम संपला की शिकवण्या आणि जिंगल्सवर महिने काढावे लागतात. यात दर रात्री बदलणाऱ्या गोष्टी इतक्या आहेत की निदान आपला आवाज कसा ऐकू येईल, हे तरी आपल्या हातात हवं. नव्या जागी साउंडवाल्याला मी माइकचं नाव सांगते. तो मान हलवतो आणि साउंडचेक लवकर उरकतो.

याच कंपनीचा बीटा ५८ए थोडा महाग आणि आवाजाला उजळ आहे. पण तो बरोबर मागचा आवाज तितका गाळत नाही, मॉनिटर जरा तिरके लावावे लागतात. छोट्या लाउंजमध्ये ती मुभा नसते, म्हणून पहिला माइक ५८च.

नकली एसएम ५८ बाजारात भरपूर आहेत. माझ्या एका मैत्रिणीनं अर्ध्या किमतीत घेतला. तो हातात हलका लागत होता आणि मधल्या स्वरांत नाकातून गायल्यासारखा ऐकू यायचा. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल मागा. बटण नसलेला घ्या, गाताना अंगठ्यानं चुकून बंद होत नाही. डब्यात क्लिप आणि पाउच असतं, केबल नसते. एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची, केबल वेगळी घ्या, आणि पाच मीटरपेक्षा आखूड नको, कारण लाउंजमधला मिक्सर नेहमी कुठल्या तरी खांबामागे असतो.