डोस वाढवायचा की औषध बदलायचं?

कॅन्डिडा या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संसर्ग औषधाला दाद देईनासा झाला की पहिला विचार डोस वाढवण्याचा येतो. तो कधी बरोबर ठरतो आणि कधी साफ चुकतो, हे औषधावर जितकं अवलंबून आहे तितकंच यीस्टच्या जातीवर. म्हणून जात आधी कळायला हवी.

फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध एर्गोस्टेरॉल, म्हणजे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा घटक, तयार होऊ देत नाही. त्याने कॅन्डिडाची वाढ थांबते, पेशी सहसा मरत नाहीत. खळग्यागणिक औषधाची मात्रा वाढत जाणारी, चाचणीची ९६ खळग्यांची प्लेट उजेडाकडे धरून पाहा: कॅन्डिडा अल्बिकन्सच्या काही नमुन्यांत औषध वाढत जातं तशी वाढ एकदम घटते, पण पुढच्या प्रत्येक खळग्यात पुसट गढूळपणा उरतोच. याला ट्रेलिंग म्हणतात. हा प्रतिकार नव्हे, सहनशीलता आहे. थोड्या पेशी औषधातही हळूहळू वाढत राहतात. म्हणूनच २४ तासांनी, निम्मी वाढ रोखणारा खळगा पाहून एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, ठरवतात. इथे डोस दुप्पट करून फारसं काही हाती लागत नाही. कॅन्डिडा ग्लाब्राटा या जातीचं तसं नाही. ती औषध पंपाने बाहेर फेकते, त्यामुळे रोजच्या ४०० मि.ग्रॅ.ऐवजी ८०० मि.ग्रॅ. देण्याला अर्थ असतो, अर्थात एमआयसी आवाक्यात असेल तरच. कॅन्डिडा क्रुसेई ही जात फ्लुकोनॅझोलला मुळातच प्रतिरोधक. तिथे त्याचा हट्ट नकोच.

कॅस्पोफंजिन हे दुसरं औषध कॅन्डिडाला मारतं, तरी त्याचा एक प्रकार चक्रावून टाकतो. कमी मात्रेत खळगे स्वच्छ, आणि कितीतरी जास्त मात्रेत पुन्हा गढूळ! औषधामुळे पेशीभित्तिकेतलं ग्लुकन बनेनासं झालं की पेशी भित्तिकेतला दुसरा घटक, कायटिन, वाढवून ती सावरते. मात्र प्लेटमध्ये रक्तद्रव मिसळलं की हा परिणाम बराच ओसरतो, आणि त्यामुळे रुग्णांचे उपचार फसतात असं सिद्ध झालेलं नाही. त्याची धास्ती घेऊन डोस कमी करू नये. ग्लुकन बनवणारं विकर घडवणाऱ्या एफकेएस जनुकात बदल झालेला असेल तर मात्र डोस वाढवत बसण्यापेक्षा औषध बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

अँफोटेरिसिन बी हे तिसरं औषध जितकं जास्त तितका मारा मोठा. आडवं येतं मूत्रपिंड, कारण त्याला या औषधाने इजा होते. लायपोसोमल रूपात, म्हणजे औषध मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून दिलं तर, ही अडचण बरीच कमी होते. एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकॉकल मेंदूज्वरात, म्हणजे क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या यीस्टमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात, याच लायपोसोमल रूपाचा किलोमागे १० मि.ग्रॅ.चा एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन हे आणखी एक बुरशीविरोधी औषध आणि फ्लुकोनॅझोल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. एकट्या फ्लुकोनॅझोलवर या यीस्टच्या काही पेशी जास्तीचं गुणसूत्र बाळगून तग धरतात. कॅस्पोफंजिनचा तर इथे उपयोगच नाही.

आणि कॅन्डिडा शिरेतल्या कॅथेटरवर थर करून बसली असेल, तर फ्लुकोनॅझोल कितीही वाढवा, आधी शक्य तितक्या लवकर ती नळी काढा.