दिवसाला आठ किलोमीटर

२०२४च्या जानेवारीत कापसाचा चुकारा हाती आला, तेव्हा जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुका अठरा किलोमीटर, एसटी दिवसातून दोनदा. दोन स्प्लेंडर नजरेत होत्या.

पहिली आमच्याच गावातल्या दूधवाल्या काकांची. मीटर ८४ हजारांच्या पुढं, सीट उसवलेली, कॅन घासून दोन्ही बाजूंचा रंग उडालेला. काकांनी काही लपवलं नाही. "चेनसेट तीनदा बदलला, क्लचप्लेटा दोनदा. इंजीन नाई खोललं अजून." मागत होते २४ हजार. ८४ हजार ऐकूनच माझं मन फिरलं.

दुसरी तालुक्याला, जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याकडं. २०१४च्या एप्रिलची पासिंग, एमएच २९, पॉलिश केलेली, मीटरवर २८,४००. "मास्तरची हाये भाऊ. शाळा अन् घर, बस." ३६ सांगितले, ३३ हजारांत दिली. मीही मोठा भाव तोडला म्हणून खूश!

आता हिशेब पाहा. पावणेदहा वर्षांत २८,४०० म्हणजे दिवसाला आठ किलोमीटर. आमच्याकडं माणूस साधं कृषी केंद्रात जाऊन आला तरी त्याचे छत्तीस होतात. हा भागाकार मी गाडी घरी आणल्यावर केला.

घ्यायला गेलो तेव्हा सायलेन्सरला पाय लागला तर चटका बसला. "आत्ताच पेट्रोल टाकून आनली," म्हणे. अर्ध्या किकमध्ये सुरू, धुराचं नाव नाही. मी डांबरी रस्त्यावर जेमतेम अर्धा किलोमीटर चालवली. खरी मेख इथंच होती. व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रभरात ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी थंड इंजिनाच्या पहिल्या किकला निळसर धूर निघतो. गाडी आधीच तापवून ठेवली की तो दिसत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर जाड ऑइल टाकून काही दिवस तेही झाकता येतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंगणात किक मारली, तर आई घरातून ओरडली, "काय रे, चूल पेटवली का अंगनात?" महिन्याभरात डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या कांडीला, ऑइल लागेना.

मिस्त्रीकडं नेली. त्यानं बॅटरीसाठी साइड कव्हर काढलं. आतल्या बाजूला कुठल्यातरी गॅरेजचा ऑइलचा स्टिकर चिकटलेला, धुळीनं काळा पडलेला. त्यावर पेननं लिहिलं होतं: २०२०, पुढचं ऑइल ७१,५००. तो काही बोलला नाही, मीटरवर बोट ठेवलं. हजाराचा आकडा बाकीच्यांच्या रांगेत नव्हता, खिडकीत किंचित वर चढलेला. मीटरखालच्या स्क्रूच्या खाचा स्क्रूड्रायव्हरनं खरवडलेल्या. फुटरेस्टची रबरं कोरी करकरीत, पण गिअरच्या दांडीवर टाच पडते ती लोखंडी पट्टी घासून आरशासारखी झालेली. रबरं बदलताना ती बदलायची राहिली होती, एवढंच.

इंजीन खोललं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन पुसला तर ०.७५ असा आकडा. बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक, झिजला की तो पाव-पाव मिलिमीटरनं वाढवतात आणि त्या मापाचा पिस्टन टाकतात. म्हणजे या मास्तरच्या गाडीचं बोअरचं काम आधीच झालं होतं. मिस्त्री म्हणाला, "अजून एक बोर निघन, मंग सिलिंडरच बदला लागन." त्या खेपेला साडेसात हजार गेले.

विकणाऱ्याकडं गेलो. "मीटर म्या नाई फिरवलं भाऊ, आली तशी इकली. अन् तुमी चालवून पाह्यली ना?" स्टिकरचा फोटो दाखवला तर हसला.

कागदाचंही तसंच. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला होता. कर्ज फिटलं असलं तरी कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन तो उतरवावा लागतो. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मी तो आधीच पाहायला हवा होता. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवल्या, पण बोजा असल्यानं गाडी कित्येक महिने दुसऱ्याच्याच नावावर राहिली. शिवाय आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ला पुन्हा पासिंग. हेही किमतीत धरायला पाहिजे होतं.

काकांची गाडी शेवटी माझ्या चुलतभावानं २३ हजारांत घेतली. रोज तालुक्याला जातो. इंजीन अजून खोललेलं नाही, मीटर ९७ हजारांवर आलंय. पाचच आकड्यांचं मीटर आहे, ९९,९९९ झाले की शून्यावर येणार. भाऊ म्हणतो, "मंग तुलेच इकतो. नवी समजून घेजो."