पाहुण्यांचा व्हिडिओ कॉल की म्युझियमची ऑनलाइन सफर?

एका शिक्षक मैत्रिणीने विचारलं, सहावीच्या वर्गासाठी एकच तास मिळतोय, काय करू?

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. 'स्काइप अ सायंटिस्ट' ही संस्था शास्त्रज्ञांना वर्गाशी फुकट जोडून देतं आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय गुगल आर्ट्स अँड कल्चर या साइटवर फुकटच बघता येतं.

कॉलवरचा पाहुणा परदेशातला असेल तर वेळेचं मात्र बघावं लागतं, उदाहरणार्थ न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ-साडेदहा तास मागे, म्हणजे आपली शाळा भरते तेव्हा तिकडे रात्र, त्यामुळे शक्यतो भारतातलाच माणूस मिळतो का बघ. नेट गेलं की कॉल संपला, म्युझियमचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच काढून ठेवता येतात.

पण जिवंत माणसाची सर कशालाच नाही गं. माझ्या वर्गातल्या मुलीने "तुम्ही कधी नापास झालात का?" विचारलं, कॉलवरच्या पाहुण्या बाई हो म्हणाल्या आणि मागच्या बाकांवरचे हात भराभर वर आले! म्युझियमच्या तासाला मोहेंजोदडोची नर्तकी ही छोटी कांस्यमूर्ती स्क्रीनभर दाखवली, मग पट्टीवर १०.५ सेंटीमीटर मोजायला लावले, एवढीशीच आहे कळल्यावर वर्ग गप्प.

हडप्पाचा धडा चालू असेल किंवा नेट हॉटस्पॉटवर असेल तर म्युझियम घे. नेट धड असेल आणि मुलांनी प्रश्न आधी लिहून आणले असतील तर कॉलच.