रंगीत ज्योत हवी आहे: स्प्रिंगचा होल्डर घ्यावा, उघडा पेला की वातीची कांडी?

रंगीत ज्योतीच्या मेणबत्त्या तीन तऱ्हांच्या मिळतात किंवा करता येतात. पहिली म्हणजे बारीक कांडी. तिच्यात नेहमीसारखी वात असते, पण इंधन मेणाचे नसते आणि वातीत रंग देणारा क्षार (लिथियम, तांबे अशा मूलद्रव्याचे मीठ) मुरवलेला असतो. दुसरी रचना स्प्रिंगच्या होल्डरची: धातूच्या नळीत बिनवातीची कांडी, तिच्याखाली स्प्रिंग, नळीच्या तोंडावर टोपण आणि टोपणाच्या मधोमध न जळणारी कायमची वात. कांडी जसजशी संपते तसतशी स्प्रिंग ती वर सरकवते. तिसरा उघडा पेला. त्यातही मधोमध तीच कायमची वात असते, फक्त इंधनाच्या वड्या वरून हाताने टाकाव्या लागतात.

स्प्रिंगचा होल्डर पाहिला की त्याची करामतच डोळ्यांत भरते आणि रंगही तिच्यामुळेच चांगला येत असेल असे वाटते. रंगाशी स्प्रिंगचा काहीही संबंध नाही. ती एकच गोष्ट करते: ज्योत पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर ठेवते. एकोणिसाव्या शतकात घोडागाडीच्या दिव्यांत मेणबत्ती स्प्रिंगवर बसवत, तीही एवढ्याचसाठी. मागे आरसा असेल तर ज्योत खाली सरकून चालत नाही. तुमच्याकडेही आरसा, भिंग किंवा काचेचा कंदील असेल तर स्प्रिंगला अर्थ आहे. टेबलावर उघडी ज्योत ठेवायची असेल तर ती दोन सेंटिमीटर खाली गेली म्हणून बिघडत काही नाही.

रंग कशावर ठरतो

साध्या मेणबत्तीचा पिवळा उजेड हा ज्योतीत तापून लखलखणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. त्या उजेडापुढे लिथियमची लाली किंवा तांब्याचा हिरवा दिसणारच नाही, क्षार कितीही घाला. म्हणून इंधन असे लागते की ज्यात मुळातच ऑक्सिजन भरपूर आहे आणि जे काजळी न धरता फिकट निळसर जळते. ट्रायमिथाइल सायट्रेट हे त्यातले नेहमीचे नाव. त्याच्या वजनात सुमारे ४८ टक्के ऑक्सिजन असतो. स्टिअरिक आम्लात तो ११ टक्क्यांच्या आसपास आणि पॅराफिन मेणात शून्य. ट्रायमिथाइल सायट्रेट ७५ ते ७८ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे बहुतेक मेणांपेक्षा जास्त तापमानाला. हा आकडा लक्षात ठेवा, स्प्रिंगच्या होल्डरची निम्मी दुखणी त्याच्यातूनच निघतात.

इंधन म्हणून एथिल कार्बामेटचेही नाव येते. ते ४८ ते ५० अंशांनाच वितळते, त्यामुळे वापरायला सोयीचे वाटते. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या गटात, म्हणजे २-अ मध्ये टाकलेले आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. विकत घेताना इंधन कोणते हा पहिला प्रश्न असू द्या. उत्तर ‘मेण’ असे आले तर होल्डर कितीही देखणा असो, ज्योत पिवळीच निघणार.

जळणारी वात, न जळणारी वात

तिन्ही रचनांतला खरा फरक वातीचा आहे.

१८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी विणलेली वात आणली. ती जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीबाहेर येते आणि राख होऊन गळते. कात्रीने कोजळी, म्हणजे वातीचे जळके टोक, खुडण्याचे काम त्या वातीने संपवले. रंगीत कांडीत याचा दुहेरी फायदा होतो. क्षार जळत नाही, त्यातला काही भाग वाफ होऊन ज्योतीत जातो आणि उरलेला वातीच्या टोकावर साचतो. वातच संपत जात असेल तर ती हा साठा सोबत घेऊन जाते आणि नवी, स्वच्छ वात पुढे येते.

काचतंतूची कायमची वात जळत नाही, म्हणून साफही होत नाही. इंधनात क्षार मिसळलेला असेल तर प्रत्येक ग्रॅम इंधनामागे त्याचा थोडा थर टोकावर बसतो. आधी पांढुरकी किंवा काळपट खपली धरते, मग तंतूंमधल्या फटी बुजतात, ज्योत लहान होत जाते आणि विझते. रंग फिका वाटला की क्षार वाढवण्याचा मोह होतो आणि तिथेच घोटाळा होतो. इंधनाच्या वजनाच्या एक टक्क्यापासून सुरुवात करा आणि दोनच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे रंग फारसा वाढत नाही, खपली मात्र हमखास वाढते.

यावर उपाय म्हणजे क्षार इंधनात घालायचाच नाही. तो वातीत मुरवता येतो, पण मग सुरुवातीला रंग झणझणीत आणि पुढे उतरता असतो. त्यापेक्षा ज्योतीच्या कडेशी अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या निक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) तारेचे कडे बसवून त्यावर क्षाराचा मणी धरावा. ज्योतीची कड आतल्या भागापेक्षा जास्त तापते, त्यामुळे रंग तिथेच उत्तम उठतो. इंधन शुद्ध राहते, वात तुंबत नाही आणि रंग बदलायचा तर फक्त कडे बदलायचे. स्प्रिंगचा होल्डर घ्यायचाच असेल तर असे कडे असलेला घ्या. इंधनात क्षार असलेल्या कांड्या आणि कायमची वात ही जोडी आम्हाला पटत नाही.

स्प्रिंगचे गणित

समजा कांडी २२ मिमी जाडीची आणि १०० मिमी लांबीची आहे. तिचा छेद ३.८ चौरस सेंटिमीटर होतो. स्प्रिंगने खालून फक्त १०० ग्रॅमचा रेटा दिला आणि तो सगळा वरच्या वितळलेल्या थरावर पडला, तर तो दाब सुमारे २६ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका भरतो. एवढ्याने वातीच्या भोकातून इंधन कारंज्यासारखे उसळेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण नीट बनवलेल्या टोपणाला आतून खांदा, म्हणजे आत आलेली कड, असते. कांडीची घट्ट कड त्या खांद्यावर टेकते, रेटा धातू पेलतो आणि मधला वितळलेला भाग तीन-चार मिमी खोल खळग्यात दाबाविना राहतो. टोपणाला एक ते दीड मिमीचे श्वासछिद्रही लागते, नाहीतर खळग्यात अडकलेली हवा तापून फुगते आणि इंधन वातीवाटे वर ढकलते. खांदा आणि छिद्र या दोन गोष्टी टोपण उलटे करून पाहिल्या की लगेच कळतात.

स्प्रिंग आखूड आणि ताठ नको. १६० मिमी लांबीची स्प्रिंग भरल्यावर १०० मिमी दबलेली आणि कांडी संपताना १० मिमी दबलेली असेल, तर रेटा दहापट उतरतो: ४०० ग्रॅमवरून ४०. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात कांडी जरा जरी अडली तरी मग तिला ढकलायला जोर उरत नाही. २५० मिमी लांबीची मऊ स्प्रिंग तेच काम १९० मिमी दबून सुरू करते आणि १०० मिमी दबलेली असताना संपवते. रेटा जेमतेम निम्म्यावर येतो. लांब स्प्रिंग नळीत वाकून भिंतीला घासते हे खरे, म्हणून स्प्रिंग आणि कांडी यांच्यामधली ढकलचकती सपाट नसावी. खाली गळ्यासारखी कड असलेली वाटीसारखी चकती तिरपी होत नाही.

स्प्रिंग स्टेनलेस पोलादाची हवी. साधी काळी पियानो तार (स्प्रिंगसाठी वापरतात ती पोलादी तार) १२० अंशांच्या पुढे हळूहळू ताण सोडते. कांडी मोठी असताना स्प्रिंग तळाशी, थंड जागी असते. शेवटी मात्र ती टोपणाजवळ येते.

नळी आणि कांडी यांत चारही बाजूंनी अर्धा मिमी फट ठेवा. त्याहून घट्ट असेल तर ओघळलेले इंधन फटीत गोठते आणि कांडी चिकटते. फार सैल असेल तर कांडी तिरपी होते, खांद्यावर एकाच बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूने गळती लागते.

टोपण पितळेचे असावे. ट्रायमिथाइल सायट्रेट वितळवायला लागणारी उष्णता ज्योतीकडून टोपणामार्गेच खाली येते आणि या कामात पितळ स्टेनलेस पोलादापेक्षा कितीतरी सरस आहे. पोलादी टोपणाखाली फक्त वातीजवळचा ठिपका वितळतो आणि ज्योत उपाशी राहते.

ज्योत विझू लागली तर

ज्योत लहान होत विझत असेल तर वात तुंबली आहे की कांडी अडकली आहे हे आधी ओळखा. होल्डर पूर्ण थंड होऊ द्या आणि टोपण काढा. कांडीचे वरचे तोंड खांद्याला लागून असेल तर दोष वातीचा. तोंड खाली राहिले असून मधे मोकळी जागा दिसत असेल तर कांडी अडकली आहे: ती बाहेर काढा, नळी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, कांडीच्या कडेचे ओघळ खरवडा. दोन्ही ठीक असूनही ज्योत दमत असेल, तर टोपणाला पुरेशी उष्णता मिळत नाही. वात टोपणावर तीन ते चार मिमी वर असावी. एक मिमीने उंच केली तरी फरक पडतो, पण पाचच्या पुढे गेली की ज्योत लांबते आणि टोकाला पिवळी पडते.

उलट ज्योत वाढतच गेली आणि टोपणाच्या कडेने पाझर सुटला तर विझवा. टोपण इतके तापले आहे की खांद्यावर टेकलेली कडही मऊ पडली आहे. आता रेटा सरळ वितळलेल्या इंधनावर येतो.

तापलेले टोपण कधीही उघडू नका. खाली दाबलेली स्प्रिंग आहे, ती टोपण, वात आणि वितळलेले इंधन एकदम अंगावर उडवते. साधी कांडी किंवा पेला यांत हा धोका नाही.

वातीचा धागा साध्या विद्युत-काचेचा (ई-ग्लास, नेहमीचा काचतंतू) असेल तर ८४० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. ज्योत त्याहून गरम असते, त्यामुळे टोकाला काचेचा मणी जमतो आणि वात बंद होते. सिलिकाचा धागा महाग, पण टिकतो. दोन-तीन मिमी जाडी पुरते.

पिवळेपणा

इंधन योग्य, वात स्वच्छ, तरीही ज्योत पिवळी येते तेव्हा दोषी सोडियम असते. बोटांचा घाम, नळाचे पाणी, साध्या काचेचा धागा, कशातूनही ते येते. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्शहोफ हे जर्मन शास्त्रज्ञ ज्योतीच्या वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखू लागले, तेव्हाही ५८९ नॅनोमीटरची ही पिवळी रेषा त्यांना जिथेतिथे आडवी येत होती. वात आणि कडे चिमट्यानेच हाताळा. पोटॅशियमचा जांभळा सगळ्यांत आधी बुडतो, लिथियमचा लाल बराच तग धरतो. पहिल्या प्रयोगाला लिथियमच घ्या. हिरव्यासाठी तांबे किंवा बोरिक आम्ल. बोरिक आम्ल युरोपीय वर्गीकरणात प्रजननाला घातक धरले आहे, तेव्हा हातमोजे घाला. निळा सगळ्यांत अवघड: तांब्याचा निळा क्लोरीनसोबत येतो आणि बंद खोलीत क्लोरीनयुक्त सेंद्रिय धूर नको. बेरियमचा हिरवा सुरेख असतो, पण त्याचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. यांपैकी कुठलाच क्षार किंवा त्याचा ओघळ खाण्याच्या पदार्थावर पडता कामा नये.

मग काय घ्यावे

दहा-पंधरा मिनिटांची गंमत हवी असेल तर वातीची बारीक कांडी. स्वस्त, सुटसुटीत, दुरुस्ती शून्य, आणि वेगवेगळे रंग एका रांगेत लावता येतात. कांडी खाली जाताना ज्योतही खाली जाते, एवढेच.

स्वतः करून पाहायचे असेल तर निःसंशय उघडा पेला. ना स्प्रिंग, ना खांदा, ना अर्ध्या मिलिमीटरची फट. ४० मिमी रुंदीची पितळी वाटी, मधे वात, भोवती इंधनाच्या वड्या. उष्णता तळापर्यंत पोहोचत नसेल तर तांब्याची एक तार ज्योतीजवळून वाटीत वाकवा. तिचे टोक ज्योतीत शिरले तर मात्र हिरवी झाक येईल. एकदम जास्त वड्या टाकू नका, सगळे वितळले तर ज्योत वाढते आणि आवरत नाही. एका वेळी वाटीचा तिसरा हिस्सा भरा.

स्पिरिटचा दिवा कुणी सुचवेल. मिथेनॉलमध्ये क्षार विरघळवला की रंग फारच छान येतो, पण दिवसा ती ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून वरून मिथेनॉल ओतले की भडका उडतो. शाळांमध्ये अशा प्रात्यक्षिकांत मुले भाजली आहेत. २०१४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने मिथेनॉल वापरून केले जाणारे रंगीत ज्योतींचे प्रात्यक्षिक बंद करण्याची शिफारस केली. घरात तर मुळीच नको.

स्प्रिंगचा होल्डर घ्यावा तो कंदिलात किंवा आरशापुढे, तासभर किंवा जास्त, एकाच उंचीवर ज्योत हवी असलेल्याने. त्यातही वातीचे सुटे तुकडे मिळतात का, कांडीचा व्यास प्रचलित मापाचा आहे का आणि टोपण आटे किंवा खाचेचे आहे की नुसते दाबून बसवलेले, हे आधी पाहा. दाबून बसवलेले टोपण तापून सैल झाले की स्प्रिंग ते उडवते. नळीला उभी चीर असेल तर उत्तम: ढकलचकती कुठवर आली ते बाहेरून दिसते. चकती टोपणापासून १० मिमीवर आली की विझवा. उरलेला तुकडा फेकू नका, पुढच्या खेपेला पेल्यात चालतो.