दोन भागांचा लेड अ‍ॅप्रन: कोकणातल्या सी-आर्मसाठी घ्यावा का, आणि घेतला तर टिकवावा कसा

पेणपासून सावंतवाडीपर्यंत महामार्गालगतच्या हाडांच्या हॉस्पिटलांत सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाडं दाखवणारं एक्स-रे मशीन, आता नवलाईचा राहिलेला नाही. मशीन घेताना कोटेशनं मागवली जातात, डेमो होतात, घासाघीस होते. अ‍ॅप्रन मात्र मशीनबरोबर जो येईल तो. किरणांपासून बचावासाठी रोज अंगावर चढवायची वस्तू तीच, म्हणून हे परीक्षण तिचं आहे: शिसं मिसळलेल्या व्हिनाइलचा, वेस्ट आणि स्कर्ट अशा दोन भागांचा, अंगाभोवती गुंडाळून वेल्क्रोने बंद करायचा अ‍ॅप्रन. लेबलवर ‘पुढे ०.५, मागे ०.२५ मि.मी. शिसे-समतुल्य’, म्हणजे तेवढ्या जाडीच्या शिशाइतकी किरणं अडवणारा, असं लिहिलेला.

मत आधीच सांगतो. सी-आर्मजवळ उभं राहून काम करणाऱ्या सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टरसाठी हाच घ्यावा. नुसतं एक्स-रे युनिट असेल आणि टेक्निशियन आडोशामागून बटण दाबत असेल, तर एवढा खर्च नको. तिथे लहान मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या आईसाठी ०.२५ मि.मी.चा साधा, पुढून घालायचा अ‍ॅप्रन पुरतो.

सी-आर्मजवळच्या माणसाला डोस मिळतो तो मुख्यतः पेशंटच्या शरीरावर आदळून विखुरलेल्या किरणांचा. सर्जन एका जागी खिळलेला नसतो. ड्रिल घ्यायला वळला की पाठ किरणांकडे होते, आणि एकसंध अ‍ॅप्रनला मागे नुसत्या पट्ट्या असतात. शिवाय त्याचा सगळा भार खांद्यांवर येतो. दोन भागांत स्कर्टचं वजन कमरेवर जातं; मांडीच्या हाडात नेल (सळई) टाकायची केस लांबली की हा फरक मानेला आणि पाठीला कळतो.

खरी गोम पुढच्या ‘०.५’मध्ये आहे. या अ‍ॅप्रनचा प्रत्येक पल्ला ०.२५ मि.मी.चाच असतो. डावा आणि उजवा पल्ला पुढे एकावर एक आले की ०.५ होतो. म्हणजे ०.५ हे अ‍ॅप्रनचं माप नाही, ते नीट बसलेल्या अ‍ॅप्रनचं माप आहे. पोट सुटलेल्या माणसाने मीडियम साइज ओढूनताणून लावला, तर दुहेरी थर फक्त मधल्या पट्ट्यापुरता उरतो आणि बाजूंना एकेरी. सत्तर-ऐंशी केव्हीच्या (किलोव्होल्ट, किरणांच्या जोराचं माप) विखुरलेल्या किरणांपैकी ०.२५ मि.मी. शिसं साधारण ९० टक्के अडवतं, ०.५ मि.मी. ९५ टक्क्यांहून जास्त. ऐकायला फरक थोडा, पण आत पोचणाऱ्या किरणांच्या हिशेबाने तो दुपटीचा किंवा त्याहून अधिक. म्हणून घेताना अंगावर चढवून बघा: वरच्या पल्ल्याची कड समोरच्या बाजूच्या शिवणीपर्यंत पोचली पाहिजे. सगळ्या स्टाफला एकच साइज मागवू नका. बगलेचा कापही बघा. तो मोठा असेल तर हात उचलल्यावर छातीची बाहेरची बाजू उघडी पडते. सिस्टरसाठी अ‍ॅप्रन निवडताना हे आधी तपासावं.

लेबलवर विश्वास ठेवण्याआधी वजन करा. शिशाची घनता दर घन सें.मी.ला ११.३४ ग्रॅम, म्हणजे पाव मि.मी. जाडीच्या एक चौरस मीटर शिशाचं वजन २.८३ किलो, अर्ध्या मि.मी.चं ५.६७ किलो. टेपने सगळे पल्ले मोजा, क्षेत्रफळ काढा आणि अ‍ॅप्रन मासळीबाजारात असतो तसल्या लटकत्या काट्याला टांगा. व्हिनाइल आणि कापड धरून वजन या आकड्यापेक्षा जास्तच भरायला हवं. उदाहरणार्थ ६० सें.मी. × १ मीटरचा ‘०.५ मि.मी. शुद्ध शिसे’ असा पुढचा अ‍ॅप्रन ३.४ किलोच्या खाली भरला, तर लेबल खोटं आहे. ही परीक्षा फक्त शुद्ध शिशाच्या अ‍ॅप्रनला लागू. मिश्र धातूंच्या अ‍ॅप्रनला नाही.

लेड-फ्री अ‍ॅप्रन हलके असतात आणि त्यांचा मोह होणं साहजिक आहे. त्यात कथील, अँटिमनी, टंगस्टन, बिस्मथ यांची भुकटी असते. या धातू वेगवेगळ्या ऊर्जेला वेगवेगळ्या अडवतात, त्यामुळे ७० केव्हीला ०.५ भरणारा अ‍ॅप्रन ११० केव्हीला तितका भरेलच असं नाही. दुसरं म्हणजे अँटिमनी-कथिलातून दुय्यम किरण निघतात आणि ते अंगाला चिकटलेल्या बाजूने आत येतात. चांगल्या बनावटीत हलक्या धातूचा थर बाहेर आणि बिस्मथचा अंगाकडे असतो. तो अ‍ॅप्रन उलटा घातला तर फायदा गेला. विक्रेत्याकडे आयईसी ६१३३१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केलेला चाचणी अहवाल मागा आणि मोजमाप कोणकोणत्या केव्हीला केलंय ते वाचा. एकाच केव्हीचा आकडा असेल तर घेऊ नका.

आता कोकणची हवा. जून ते सप्टेंबर इथे कापड वाळत नाही, लोखंड गंजतं आणि नायलॉनच्या कव्हरला आतून बुरशी धरते. पहिलं जातं ते वेल्क्रो. त्यात धागे-केस अडकतात, घामाचं मीठ बसतं, पकड सुटते आणि पल्ला केस चालू असतानाच सरकतो. कडक ब्रशने दर आठवड्याला वेल्क्रो साफ केलं तर बरंच टिकतं. वेल्क्रोच्या जोडीला कमरेला बकलही असलेलं मॉडेल मिळत असेल तर आमची पसंती त्याला. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्लीच नाही, वॉशिंग मशीन नाही, ऑटोक्लेव्ह तर नाहीच. अंगणात उन्हात टाकू नका, व्हिनाइल कडक होऊन तडकतं. पंख्याखाली दोन्ही बाजूंनी वाळवा.

अ‍ॅप्रन किरणांनी झिजत नाही, घडीने मरतो. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, कपाटात दुमडून कोंबलेला, खिळ्याला एका खांद्याने लटकवलेला अ‍ॅप्रन त्याच रेषेवर फाटतो, आणि वरून कापड शाबूत दिसतं. जाड गोल दांडीचा रॅक करून घ्या. किनाऱ्यावर साधं लोखंड नको; स्टेनलेस स्टील, किंवा दांडीवर तीन इंची पीव्हीसी पाइप चढवला तरी चालतो. चिपळूणने २२ जुलै २०२१ ला पाहिलं तसं पाणी जिथे येऊ शकतं, तिथे रॅक वरच्या मजल्यावर हवा. पुरात भिजलेल्या अ‍ॅप्रनच्या शिवणींत गाळ बसतो. तो तपासल्याशिवाय पुन्हा अंगावर घेऊ नये.

तपासणीचं यंत्र तुमच्याच थिएटरमध्ये उभं आहे. अ‍ॅप्रन टेबलावर सपाट पसरा, सी-आर्म मॅन्युअलवर टाका, ७०-८० केव्हीवर ठेवा आणि एकेक पल्ला इंचाइंचाने स्क्रीन करा. ऑटोवर ठेवलंत तर समोर शिसं पाहून मशीन किरणांचा मारा वाढवत नेतं. तपासणाऱ्याने दुसरा अ‍ॅप्रन घालायचा, हे सांगायला नको. चीर असेल तिथे उजळ रेघ दिसते. खडूने खूण करून मापा. जगभर वापरला जाणारा एक निकष असा: जननेंद्रियांसारख्या नाजूक भागांवर चिरांचं एकूण क्षेत्रफळ १५ चौ. मि.मी.पेक्षा जास्त असेल तर अ‍ॅप्रन बाद, पाठ-शिवण-कडा अशा ठिकाणी ६७० चौ. मि.मी.पर्यंत चालतं, गळ्याभोवतीच्या थायरॉइड कॉलरला मर्यादा ११ चौ. मि.मी. नवा अ‍ॅप्रन आला त्याच दिवशी पहिली तपासणी करून चित्रं जपून ठेवा. पुढे वर्षातून एकदा पुरे असं सगळीकडे म्हणतात. इथे आम्ही दोनदा सुचवू, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर.

कॉलर वेगळी घ्यावी लागते आणि ती घ्याच. डोळ्यांचं मात्र लोक विसरतात. डोळ्याच्या भिंगाला ०.५ ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं एकक) पुढे मोतीबिंदूचा धोका मानतात, म्हणून रोज सी-आर्मवर काम करणाऱ्याला बाजूने झाकलेला, ०.७५ मि.मी.चा लेड चष्मा हवा. हातांना अ‍ॅप्रनचा काही उपयोग नाही. लेड ग्लोव्ह घालून हात मुख्य झोतात घातला तर ऑटोवरचं मशीन मारा वाढवतं आणि पेशंटसकट सगळ्यांचा डोस चढतो. हात झोताबाहेर ठेवणं हाच उपाय.

आणि अ‍ॅप्रन हे शेवटचं चिलखत आहे. आधी अंतर: एक मीटरवरून दोन मीटरवर सरकलात की डोस साधारण चौथा हिस्सा होतो, म्हणून ज्या मावशींचं त्या क्षणी काम नाही त्यांनी मागे व्हायचं. किरणं सोडणारी ट्यूब टेबलाखाली, चित्र पकडणारा इंटेन्सिफायर वर आणि पेशंटला जवळजवळ टेकलेला. लॅटरल, म्हणजे बाजूने चित्र, घेताना इंटेन्सिफायरच्या बाजूला उभं राहा, ट्यूबच्या नाही. पायडल दाबून धरू नका, शेवटचं चित्र पडद्यावर राहतं ते बघा.

अंगाला मिळालेला डोस मोजणारा टीएलडी बॅज अ‍ॅप्रनच्या आत, छातीवर. तो एक्स-रे रूममधल्या लटकत्या अ‍ॅप्रनलाच लावून ठेवला तर तिमाहीच्या शेवटी भलताच आकडा येतो आणि चौकशी मागे लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३०. गरोदर सिस्टरने कळताच सांगावं. उरलेल्या दिवसांत पोटातल्या बाळाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे.

जुन्या जांभ्याच्या घरात एक्स-रे बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मंडळाच्या नियमात भिंतीचं माप विटेचं आहे: मुख्य झोत पडतो तिथे ३५ सें.मी., इतरत्र २३. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, सच्छिद्र असतो, त्याची घनता खाणीगणिक बदलते आणि सांधे भुसभुशीत असतात. ‘चिऱ्याची भिंत जाडच असते’ यावर विसंबू नका; किरणं मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने सांध्यांवरून आणि दारा-खिडक्यांच्या कडेने मोजून घ्या.

बाद झालेला अ‍ॅप्रन भंगारवाल्याला देऊ नका आणि जाळ्याला वजनं ओतायला शिसं हवं म्हणून कुणी मागितला तरी देऊ नका. व्हिनाइल जाळल्यावर शिशाचा धूर आणि विषारी वायू निघतात, आणि ते काम बहुधा घराच्या परसात, पोरंबाळं भोवती असताना होतं. फाटलेला अ‍ॅप्रन हाताळल्यावर हात साबणाने धुवा, जाड पिशवीत बंद करा. विकणाऱ्याने तो परत घ्यावा किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचवावा, ही अट खरेदीच्या ऑर्डरवरच लिहून घ्या.