बेळगावच्या टिळकवाडीतलं बाळांचं फॉलोअप क्लिनिक, खानापूरहून यावं असंच

वहिनीचं बाळ ३२व्या आठवड्यात झालं, वजन १६०० ग्रॅम, अडीच किलोच्या खाली म्हणजे कमीच धरतात. सहा महिने झाले तरी पालथं पडत नव्हतं, शेजारपाजारचे काहीबाही बोलायचे, वहिनी रडकुंडीला आलेली. इथल्या डॉक्टर मॅडमनी बाळाला नीट तपासलं आणि मराठीत समजावलं की लवकर झालेल्या बाळाचं वय ड्यू डेटपासून मोजायचं, म्हणजे हे आत्ता चारच महिन्यांचं, दोन वर्षांपर्यंत असंच बघायचं. डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चौथ्या आठवड्यातच तपासलेला, ऐकू येतंय का बघायची कानांची बेरा टेस्टपण केली. थेरपिस्टनी वहिनीच्या छातीवर बाळाला पालथं ठेवून लाल खुळखुळा हळूहळू सरकवला, तशी ह्यानं मान उचलून नजर फिरवली बघा! वेटिंग लई असतंय, शनिवारी जाऊ नका, पण फॉलोअप चुकवू नका.