हाँगकाँगमधला प्रवास : एक कार्ड, एक ट्राम आणि बंदरातली फेरीबोट

हाँगकाँगला निघालेल्या आपल्याकडच्या माणसाला खरेदी कुठे करावी आणि शाकाहारी जेवण कुठे मिळेल, एवढे सगळे जण आवर्जून सांगतात. शहरात फिरावे कसे, हा प्रश्न मात्र 'मेट्रो आहे ना' एवढ्यावर मिटवला जातो. मेट्रो आहे आणि ती उत्तमही आहे. परंतु खाडीकाठी ज्याचा जन्म गेला, त्याने तिथले बंदर जमिनीखालून ओलांडून परत यावे, हे मला पटत नाही. पुढचे परीक्षण त्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे आहे आणि धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जा-ये करणाऱ्या माणसाने ते केले आहे, तेव्हा पाण्याकडे थोडा कल झुकला असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात कार्डापासून करावी लागते, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. ऑक्टोपस हे कार्ड १९९७ साली सुरू झाले आणि आज मेट्रो, बस, ट्राम, फेरीबोट, मिनीबस, इतकेच काय पण कोपऱ्यावरच्या दुकानातली पाण्याची बाटली, हे सगळे त्या एका कार्डावर चालते. विमानतळावरच ते विकत मिळते. त्यात ५० हाँगकाँग डॉलर अनामत धरलेली असते आणि एक हाँगकाँग डॉलर आपल्या साधारण अकरा रुपयांच्या घरात जातो. यंत्रावर कार्ड टेकवले की आवाज होतो आणि किती पैसे कापले व किती शिल्लक राहिले, हे दोन्ही आकडे पडद्यावर दिसतात. ही पारदर्शकता मला फार आवडली, कारण परक्या देशात प्रत्येक वेळी सुटे मोजत बसण्याचा आणि मागच्या रांगेचा रोष ओढवून घेण्याचा ताप त्यामुळे वाचतो. बस आणि ट्राममध्ये रोख पैसे दिले तर मोड परत मिळत नाही, ही गोष्ट कार्ड घेण्यास पुरेशी आहे. शिवाय मेट्रोचे भाडे सुट्या तिकिटापेक्षा कार्डावर थोडे कमी पडते.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी एअरपोर्ट एक्सप्रेस ही गाडी हाँगकाँग स्थानकापर्यंत २४ मिनिटांत पोहोचवते. ती आरामदायी आहे, पण महाग आहे. ज्यांचा मुक्काम कौलून भागात, म्हणजे बंदराच्या मुख्य भूमीकडच्या बाजूला आहे आणि ज्यांना फारशी घाई नाही, त्यांनी ए-२१ क्रमांकाची दुमजली बस धरावी. सामान ठेवायला खाली वेगळी जागा आहे, आणि वरच्या मजल्यावर पुढे जागा मिळाली तर पूल, गोदी, कंटेनरचे ढीग आणि मग एकाएकी अंगावर आलेली उंच इमारतींची भिंत, असे सगळे क्रमाने पाहायला मिळते. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नसला, तरी निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करून तिची छापील प्रत जवळ बाळगावी लागते. ही नोंदणी विनामूल्य आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे स्टार फेरी. कौलूनकडचे त्सिम शा त्सुई आणि हाँगकाँग बेटावरचे सेंट्रल यांच्यामध्ये ही बोट सुमारे दहा मिनिटांत बंदर ओलांडते. या सेवेचे मूळ मुंबईशी जोडलेले आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते : मुंबईहून तिकडे गेलेले दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली आणि १८९८ मध्ये तिचे नाव स्टार फेरी झाले. तेव्हापासून ताफ्यातल्या बोटींच्या नावात 'स्टार' असतेच. १९६६ मध्ये याच बोटीच्या पहिल्या वर्गाचे भाडे पाच सेंटने वाढवण्याच्या प्रस्तावावरून शहरात दंगल उसळली होती, यावरून ही फेरी तिथल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात किती खोल गेली होती, याची कल्पना यावी. पुढे १९७२ मध्ये बंदराखालून वाहनांचा बोगदा झाला, त्यानंतर मेट्रो आली, आणि फेरीची निकड कमी झाली. तरीही बोट चालू आहे आणि तिचे भाडे आजही चहाच्या पेल्यापेक्षा कमी आहे. २०२३ च्या दरवाढीनंतर सोमवार ते शुक्रवार वरच्या मजल्याला ५ आणि खालच्या मजल्याला ४ डॉलर पडत होते. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी थोडे अधिक द्यावे लागतात.

हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या या बोटीला पुढचे आणि मागचे टोक वेगळे नाही. ती वळत नाही. आली तशी उलट दिशेने निघते. म्हणून बाकांच्या पाठी फिरत्या ठेवल्या आहेत : चढल्याबरोबर जाणकार प्रवासी लाकडी पाठ एका हाताने पलीकडे ढकलतो आणि जायच्या दिशेला तोंड करून बसतो, तर नवखा माणूस काही वेळ उलटा बसून धक्का दूर जाताना पाहत राहतो. बाकांना चांदणीच्या आकाराची छिद्रे पाडलेली आहेत. धक्क्याला लागताना निळ्या पोशाखातला खलाशी जाड दोर फेकतो, खालचा माणूस तो लांब दांड्याच्या आकड्याने अलगद उचलून खुंट्याला अडकवतो, आणि मग साखळ्यांवरची फळी खडखडत खाली येते. दाभोळच्या खाडीवर उभे आयुष्य काढलेले माझे काका सोबत होते. सगळे शहर त्यांनी फारसे न बोलता पाहिले, पण इथे मात्र त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "दोर टाकण्याची पद्धत बरी आहे हो यांची." त्यांच्याकडून याहून मोठे प्रमाणपत्र कुणाला मिळाल्याचे मला आठवत नाही.

वरचा मजला की खालचा, असे कुणी विचारले तर मी खालचा सांगेन. वर वारा आणि देखावा चांगला असतो, हे खरे. खाली मात्र इंजिनाची धडधड, डिझेलचा वास आणि हाताच्या अंतरावर पाणी असते, आणि शेजारून मोठे जहाज गेले की लाट नेमकी कशी येते, ते कळते. ज्यांना बोट लागते त्यांनी वरच बसावे. आपल्या दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीसारखी वाहने मात्र या बोटीवर जात नाहीत.

दोषही सांगितला पाहिजे. सेंट्रलचा जुना धक्का २००६ मध्ये बंद झाला आणि भरावाच्या जमिनीवर, आणखी पाण्याकडे, नवा धक्का आला. त्यामुळे बोटीतून उतरल्यावर पादचारी पुलांवरून बरेच चालावे लागते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जड जाते. जी फेरी दहा मिनिटांत पोहोचवते, तिच्या दोन्ही टोकांना मिळून तितकीच पायपीट होते. नोकरदार माणसाने मेट्रो पसंत केली, तर त्याला दोष देता येत नाही. पाहुण्याला मात्र ही सबब नाही.

बेटावर आडवे जायचे असेल, तर ट्राम घ्यावी. १९०४ पासून ती उत्तर किनाऱ्याने केनेडी टाउन ते शाऊ केई वान अशी धावते. दुमजली, अरुंद आणि संथ. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे, आणि अंतर कितीही असले तरी भाडे एकच. २०२५ च्या वाढीनंतरही ते साडेतीन डॉलरच्या आत आहे. बहुतेक गाड्यांत वातानुकूलन नाही, त्यामुळे ऑगस्टच्या दुपारी वरच्या मजल्यावर आपल्या वैशाखाची आठवण होते. गर्दीच्या वेळी पुढच्या दारापर्यंत पोहोचणे अवघड असते, म्हणून एक थांबा आधीच उठलेले बरे.

समुद्रापासून डोंगराकडे, म्हणजे उभे जायचे असेल, तर सेंट्रलपासून वर जाणारे सरकते जिने आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेली ही मालिका ८०० मीटरहून लांब आहे. सकाळी दहापर्यंत ती खाली उतरते आणि नंतर रात्रीपर्यंत वर चढते. सकाळी आठला हॉटेलातून निघून वर जाऊ म्हणाल, तर शेजारच्या पायऱ्या चढाव्या लागतील. व्हिक्टोरिया पीक या शिखरावर नेणारी पीक ट्राम जुनी आणि प्रसिद्ध आहे, पण तिच्या रांगेत निम्मा दिवस घालवण्यापेक्षा सेंट्रलहून सुटणारी १५ क्रमांकाची बस मला अधिक समाधान देऊन गेली. मिनीबसच्या वाट्याला पाहुण्याने शक्यतो जाऊ नये. उतरायचे ठिकाण आले की बऱ्याचदा चालकाला मोठ्याने सांगावे लागते, आणि तेही तिथल्या कँटोनीज भाषेत.

हाती एक मोकळा दिवस असेल, तर सेंट्रलच्या पाच क्रमांकाच्या धक्क्यावरून च्युंग चाऊ बेटाला जावे. जलद आणि सावकाश अशा दोन्ही बोटी आहेत; सावकाश बोटीला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो आणि तीच घेण्यासारखी आहे. बेटावर खासगी मोटारी नाहीत. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी हे सगळे ओळखीचे आहे, फक्त त्या मासळीबाजाराशेजारी वेळेवर सुटणारी बोट आणि तिचे वेळापत्रक स्पष्ट अक्षरांत लावलेले असते. वेळास-बागमांडल्याकडे जेटीवर उभे राहून 'आता सुटेल हो' ऐकण्याची सवय असलेल्याला एवढ्याचेही अप्रूप वाटते.

शेवटी हवामानाबद्दल, कारण त्यावर सगळे अडते. आपल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर जात नाहीत, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक असते. हाँगकाँगची वेधशाळा वादळासाठी १, ३, ८, ९ आणि १० असे इशारे देते. ३ क्रमांकापर्यंत शहर बहुतांशी चालू असते. ८ लागला की शाळा, कचेऱ्या, फेरीबोटी, ट्राम आणि बस टप्प्याटप्प्याने बंद होतात आणि माणसे घर गाठतात. आठचा इशारा येण्याच्या साधारण दोन तास आधी पूर्वसूचना मिळते, आणि नेमक्या त्याच दोन तासांत सगळे शहर एकदम रस्त्यावर येते. वादळे मुख्यतः उन्हाळ्यात आणि शरद ऋतूच्या सुरुवातीला येतात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जावे. हवा कोरडी असते, ट्रामचा वरचा मजलाही सुसह्य होतो. परतताना विमानतळावर कार्ड परत केले, तर अनामत व शिल्लक रक्कम मिळते, मात्र ते घेऊन तीन महिने झाले नसतील तर थोडे शुल्क कापून घेतात. घरातले कुणी पुन्हा तिकडे जाणार असेल, तर ते परत न केलेलेच बरे.